आखाड्यातला पंच

झनकलालला पुढचं काही विचारलं की तो गप्प व्हायचा. "आज पाऊस येईल का हो, झनकलालभाऊ?" असं आपण सहज म्हणावं, तर हा मुकाट्यानं विडी विझवून उठायचा. गाडी किती उशिरा येईल, पाटलांची म्हैस कधी विणेल, कशाचाच अंदाज त्याच्या तोंडून निघत नसे. फारच खोदून विचारलं तर म्हणे, "आल्यावर दिसल जी." पहिल्या पहिल्यांदा मला याचा भारी राग यायचा. म्हटलं, सांध्यावरचा माणूस, एवढा कसला तोरा!

मी दरेकसाच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो, तेव्हा देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. चहूकडे डोंगर आणि जंगल, मधे इवलंसं स्टेशन, पलीकडे गाव. झनकलाल स्टेशनावर सांधेवाला होता. रूळ बदलायचे, सिग्नलचे दिवे लावायचे, हे त्याचं काम. गोंदियाच्या गजबजलेल्या यार्डातून त्यानं इथली बदली आपणहून मागून घेतली होती. अहो, इथे बदली झाली की लोक रडायचे आणि हा म्हणे अर्ज करून आला! मला तर तो अर्धवटच वाटला होता.

पण मी एकटा, तोही एकटा. संध्याकाळची गाडी गेली की मी त्याच्या खोलीपुढे जाऊन बसू लागलो. एकदा मी पत्त्यांचा जोड घेऊन गेलो. साधा सात-आठचा डाव खेळायचा, पैशांचा प्रश्नच नव्हता. जोड पाहताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मास्तर, ते पयले आत घाला. नाईतं उद्यापासून माह्याकडं येऊ नोका." मी चिडून विचारलं, "काऊन? पत्ते काय चावतात?" त्यानं जोडाकडे पाठ फिरवली. मग म्हणाला, "मले चावतेत जी."

त्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं. गोंदियाला असताना पत्ते, आकडा, कोंबडे, शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलजोड्या, काही म्हणता काही सोडलं नव्हतं त्यानं. बायकोचे दागिने गेले, घरातली भांडी गेली. फुलवंताबाई सोसत राहिल्या. मग त्यांचं बाळंतपण आलं. आत त्या कळा देत होत्या आणि बाहेर अंगणात यानं यार्डातल्या सोबत्यांशी पैज लावली, मुलगा होतो की मुलगी. बाळ मेलेलंच जन्मलं. आणि बाहेर भांडण जुंपलं, डाव कोणाचा म्हणून! "मी बी भांडलो, मास्तर," तो म्हणाला, "जोरानं भांडलो. थे आतून आयकून राहिली होती."

फुलवंताबाई उठण्याजोग्या झाल्या तशा तिरोड्याला भावाकडे निघून गेल्या. झनकलालनं त्या दिवसापासून डावाला हात लावला नाही. पण हात थांबले तरी डोकं थांबत नव्हतं. "पाऊस येईल मनलं का माह्या डोक्यात लगेच डाव बसते. येते का नाई येते, लाव! मनून मी कायीच मनत नाई." मग मला त्याच्या गप्प बसण्याचा उलगडा झाला आणि माझ्या रागाची लाज वाटली. गावात त्याला मित्र नव्हता, कारण चार माणसं जमली की कशावर तरी पैज लागायचीच. ती टाळायची तर माणसंच टाळायला हवीत. तशी त्यानं ती टाळली होती.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी, सोयरेधायरे त्या निमित्तानं येतात, दुकानं लागतात, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो. आणि एका कोपऱ्यात कोंबड्यांचा आखाडा असतो. पायाला काती, म्हणजे छोटीशी धारदार सुरी, बांधलेले कोंबडे सोडायचे आणि भोवती माणसांनी डाव लावायचे. त्या दिवशी झनकलाल रजा टाकून डोंगरात निघून जायचा आणि मंडई उठल्यावर परत यायचा. दरवर्षी तो फुलवंताबाईंना मंडईचं आवतण मात्र धाडायचा. दरवर्षी उत्तर यायचं नाही.

एका वर्षी आलं. गाडीच्या गार्डाबरोबर निरोप आला, "येईन. पाहीन. मन मानलं तं राहीन." काय सांगू त्याचा आनंद! खोली सारवली, भिंती पांढऱ्या केल्या, बाजेला नवी सुतळी विणली. मला दहादा विचारलं, "मास्तर, चांगलं दिसून राहिलं ना?" इतक्या वर्षांत मी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

आणि नेमके त्याच वेळी पाटील त्याच्या दारात आले. आदल्या वर्षी आखाड्यात पंचाच्या निकालावरून डोकी फुटली होती. पाटलांनी विचार केला, जो कधीच डाव लावत नाही त्यालाच पंच करावं. गावात असा एकच माणूस होता. "झनकलाल, तू साधू मानूस. तुह्या निकालावर कोनी बोट ठेवनार नाई," पाटील म्हणाले. आता बोला! पाटलांचं तरी काय चुकलं? त्यांना काय ठाऊक?

मी म्हटलं, "नाही म्हणून सांगा." तो म्हणाला, "काऊन नाई, असं इचारतील. मंग सांगा लागल." थोडं थांबून खालच्या आवाजात म्हणाला, "आन मास्तर, तिनं बी पाहावं ना. गाव माह्या डोक्यावर फेटा बांधते, थे पाहावं." मी पुष्कळ समजावलं. पण त्याच्या डोळ्यांपुढे फेटाच होता.

मंडईच्या दिवशी दुपारी गुलाबी फेटा बांधून तो आखाड्यात उभा राहिला. भोवती ही गर्दी. एक कोंबडा तांबडा, एक पांढरा. धन्यांनी काती बांधल्या, डाव लागू लागले, आरडाओरडा सुरू झाला. मी त्याच्याकडेच पाहत होतो. त्याचे ओठ हलत होते, घाम कानशिलांवरून वाहत होता. कोंबडे आता सुटणार, एवढ्यात यानं दोन्ही हात वर केले. "थांबा!" तो ओरडला आणि फेटा काढून त्यानं पाटलांपुढे धरला.

"पाटील, हा घ्या. मी पंच नाई, मी जुगारी आहो. आता इथं उभ्या उभ्या मनात तांबड्यावर डाव लावला मी. तांबडा हारला असता तं मी त्याले जितवला असता. माह्या बायकोच्या पोटातल्या लेकरावर मी डाव लावला होता. साधू मनता मले?"

कोणी तरी हसलं, मग कोणीच हसलं नाही. गर्दीनं वाट दिली. तो बराच वेळ मंडईत बायकोला शोधत फिरला, मग स्टेशनाकडे धावत सुटला. मीही मागोमाग गेलो. तिथे तिकीटबाबूनं सांगितलं, दुपारच्या गाडीनं एक बाई उतरली होती, मंडईकडे गेली होती आणि आता उलट गाडीनं परतही गेली. झनकलाल बाकावर बसला. "तिनं मले आखाड्यात पायलं," एवढंच म्हणाला.

आखाडा थांबला नाही, दुसरा पंच मिळाला. पण झनकलालकडे गावानं पाठ फिरवली. पाटील बोलेनासे झाले, टवाळ पोरं जाता-येता "तांबडा की पांढरा?" म्हणून ओरडायची. मला वाटलं, आता हा बुडाला. आता कोणासाठी सावरायचं? पण तो दिवे लावत राहिला, रूळ बदलत राहिला. नव्या सुतळीची बाज भिंतीला तशीच उभी होती. तो खाली जमिनीवर निजायचा.

शाळेच्या कामानं मी पुढे तिरोड्याला गेलो तेव्हा राहवलं नाही, फुलवंताबाईंचं घर शोधत गेलो. त्या ओसरीत विड्या वळत बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही पुरतं न पाहताच निघालात. त्यांनी फेटा काढला, गावासमोर..."

"आयकलं मी," त्या म्हणाल्या. हातातलं पान थांबलं नाही. "मोहाच्या झाडामांगं उभी होती. पयल्यापासून सप्पा आयकलं."

"मग भेटला का नाहीत?"

"भेटली असती तं राहिली असती, गुरुजी. राहिली असती तं त्याच्याजवर पुन्हा लावाले कायी तरी आलं असतं. आता त्याच्याजवर कायीच नाई, मनून थो बरा आहे." मग मात्र त्यांचे डोळे भरले. "माहा जीव तुटत नाई का जी? पन मी गेली आन थो पुन्हा डावाले बसला, तं मले पाहवनार नाई."

परत येऊन मी झनकलालला शब्दन्‌शब्द सांगितलं. मला वाटत होतं, याचं काळीज फाटेल. त्यानं माझा हात घट्ट धरला. "तिनं आयकलं? अख्खं आयकलं? लेकराचं बी?" मी हो म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा मी हो म्हटलं. मग तो लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, "मंग झालं, मास्तर. थे मनते थेच बरोबर आहे."

त्यानंतर काही वर्षं तो तसाच जगला, एकटा. माझं लग्न झालं, बिऱ्हाड आलं. सणावाराला मी जेवायला बोलवी, तेव्हा येई आणि जेवून लगेच निघे. एका हिवाळ्यात तापानं अंथरूण धरलं आणि चार-सहा दिवसांत गेला. मी तिरोड्याला निरोप धाडला.

फुलवंताबाई भावाबरोबर आल्या. कपाळाला कुंकू तसंच होतं. खोलीत आल्या, त्याच्या उशाशी बसल्या, पांघरूण सारखं केलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. भोवतीच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग त्यांनी मान वर करून मला विचारलं,

"शेवटलोक, गुरुजी?"

"शेवटपर्यंत," मी म्हटलं. "एकदाही डाव नाही."

तेव्हा त्या माउलीनं जो हंबरडा फोडला, तो स्टेशनापर्यंत ऐकू गेला.