उभ्यानं कोन सांगतंय?

कुणाच्याही दारात गेली की ती आधी खाली बसायची. ओटा असो, माती असो; ओढणी सावरून मांडी घालायची आणि मला म्हणायची, "बस की गं. उभ्यानं कोन सांगतंय?"

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला ती आणि मी एका वर्गात होतो. टाळेबंदीत कॉलेज मोबाइलवर आलं आणि क्षेत्रकार्यासाठी आम्हा दोघींना देवगाव फाट्याजवळचं एकच गाव मिळालं. पुण्याहून परतलेली माणसं तिथल्या शाळेत चौदा दिवस ठेवली होती.

मी चौतीस प्रश्नांचा तक्ता केला होता. शाळेच्या फाटकाच्या गजांपलीकडच्या एका आजींना विचारलं, "कुटुंबात सदस्य किती?" आजी माझ्या कागदाकडे बघत राहिल्या. ही बाहेर धुळीत बसली. "आजी, भाकर कोन आनून देतंय?"

आजी अर्धा तास बोलल्या. लेक भाकरीचं फडकं फाटकाला टांगतो आणि तोंड न दाखवता जातो. माझ्या तक्त्यात हा प्रश्नच नव्हता.

"तुलाच कसं सांगतात?" मी विचारलं.

"मला कुटं तुज्यासारखं इचारता येतंय? म्हनून सांगत असतील."

ती हसली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना आपलं मोल ठाऊक नसतं, आणि शेजारच्याला ते नेमकं ठाऊक असतं.

त्या भागातल्या एका संस्थेत एकच जागा होती. अहवाल पाहून कॉलेज एकच नाव कळवणार होतं. तिच्या घरी रेंज नव्हती. फाट्यावर येऊन तिनं अहवालाची वही माझ्या हातात दिली. "तूच धाड गं. तुज्याकडं नेट हाय."

घरी येऊन वाचली. माझ्या अहवालापेक्षा चांगली होती. माझा अहवाल मी मुदतीत पाठवला, तिचा मुदत उलटून दोन दिवसांनी. माझा गेल्यावर नेटवर्कच गेलं, असं सरांना आणि तिला सांगितलं. नेटवर्क होतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तुला तर लागली ना नोकरी?"

पुढे ती पालमला एका मेडिकलच्या काउंटरवर लागली. तिथे दिवसभर उभं राहावं लागतं, असं ऐकलं.

त्या आजी आता लेकाच्याच घरी आहेत. संस्थेच्या कामाला मी गेले की पोतं अंथरतात आणि माझ्या मागे रस्त्याकडे पाहतात.

"ती न्हाई आली व्हय?"

"नाही, आजी."

मी पोत्यावर मांडी घालून बसते. आजी माझ्या हातातल्या कागदांकडे बघून म्हणतात, "इचार की बाई, तुला काय इचारायचंय ते."