बांधोबाची वाट

गयाबाईला देवाची भीती होती, पण सगळ्या देवांची सारखी नव्हती. बासरला गेली की सरस्वतीपुढं ती निवांत डोकं टेकवायची. गावातल्या मारुतीशी तर तिचं घरच्यासारखं होतं, कधी रुसायची, कधी नैवेद्य दाखवून रुसवा काढायची. पण स्वतःच्या शेताच्या कडेला जो बांधोबा होता, त्याच्यापुढून जाताना ती हात जोडायची आणि नजर दुसरीकडं वळवायची. हा देव कुणी केला आणि कशापायी केला, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती.

झालं होतं असं. तिचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा. नवरा अमृतराव माणूस वाईट नव्हता, पण हातात नांगर आला की त्याची नजर बांधापलीकडं धावायची. शेताला लागून मावल्याकडं जाणारी जुनी पांदण होती, दोन्हीकडच्या शेतांमधली बैलगाडीची वाट. तिच्या कडेला, पळसाखाली, निजामाच्या मोजणीतला हद्दीचा दगड उभा होता. एका उन्हाळ्यात अमृतरावांनी तो दगड उपटला आणि पांदणीच्या मधोमध नेऊन रोवला. नांगराची चार तासं जास्त मिळाली म्हणून गडी खुशीत घरी आला आणि पोटभर जेवला.

गयाबाईच्या घशाखाली मात्र घास उतरेना. पांदणीपलीकडचं शेत यशवंतरावांचं. माणूस सरळ, आणि सरळ माणसाचा राग वाईट. सकाळी त्यांच्या नजरेस दगड पडला की कुऱ्हाडी निघणार, डोकी फुटणार. पोळ्याला बैल सजवून उरलेला शेंदूर डबीत होता. दिवस मावळताना ती एकटीच शेतात गेली, शेंदूर तेलात कालवला, दगडाला वरपासून खालपर्यंत चोपडला आणि वर रुईची दोन फुलं ठेवून परत आली. देवाला कोण हात लावतो?

दुसऱ्या दिवशी यशवंतराव आले. दगडापाशी बराच वेळ उभे राहिले, मग चपला काढल्या, हात जोडले आणि आपल्या कामाला लागले. आखाडीच्या सणाला तर नारळ घेऊन आले. यशवंतरावांनी नारळ फोडला म्हटल्यावर बाकीचे मागं कसे राहतील? देवाचं नाव-गाव कुणी विचारलं नाही. बांधावरचा म्हणून बांधोबा झाला.

देव बसला आणि वाट उठली. देवाला चाक लागू नये म्हणून गाडीवाले तिकडून जाईनासे झाले. वाट वापरात नाही म्हटल्यावर दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी दरसाल एकेक तास आत ढकललं. उरलेल्या पट्ट्यात बोरी-बाभळी माजल्या. तोवर हायवे रुंद झाला, लोक तिकडून जायला लागले, आणि पांदण मेली तरी तिच्यासाठी कुणी रडलं नाही.

आता अमृतरावही नाहीत, यशवंतरावही नाहीत. गयाबाईचा मुलगा देवानंद हंगामात भैंशाला कापसाच्या जिनिंगवर कामाला असतो. घरात ती आणि तिची सून सुनयना. गयाबाईला लेक नव्हती, आणि सुनयना आल्यापासून ती उणीव तिला आठवतही नव्हती. दोघी भांडायच्याही मायलेकींसारख्याच, म्हणजे सकाळचं भांडण दुपारी कुणालाच आठवायचं नाही.

सुनयनाच्या हाताला शिलाईची कला होती. मावल्यात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात तिला काम मिळालं आणि ती सायकलवर जाऊ-येऊ लागली. जायचं म्हणजे हायवेनं. त्या रस्त्यावर सायकलवाल्याला कुणी जमेत धरत नाही. कार्तिकात कापसानं फुगलेला एक ट्रक इतक्या जवळून गेला की नुसत्या वाऱ्यानं सुनयना सायकलीसकट खड्ड्यात गेली. कोपर सोललं, पुढचं चाक वाकलं. जीव वाचला ही बांधोबाची कृपा, असं शेजारणी म्हणाल्या. 

देवानंदनं फोनवरच निकाल दिला. गुढीपाडव्यापासून मावल्यात खोली करायची, आईनंही तिथंच यायचं. गयाबाई म्हणाली की मी येऊन काय करू, म्हशी कुणाच्या गळ्यात बांधू, तुम्ही जा बापा, जिवापेक्षा काय मोठं आहे? तोंडानं हे म्हणाली खरी, पण त्या दिवशी वरणात दोनदा मीठ पडलं. सुनयना जावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं. रिकाम्या घरात एकटीनं भाकर थापायची, या कल्पनेनंच तिला रडू यायचं.

अशातच एका रविवारी दोन माणसं काट्यांतून बाहेर पडली आणि थेट शेताला लागूनच असलेल्या गयाबाईच्या अंगणात आली. डोक्यावर टोप, पायांवर ओरखडे, हातात जाड टायरांच्या सायकली. एक पिकल्या केसांचा गृहस्थ आणि त्याची पुतणी, दोघं हैदराबादची. पाणी पिऊन झाल्यावर गृहस्थानं हिंदीत सगळं सांगितलं. सुट्टी मिळाली की ते मोटारी नसलेल्या, मातीच्या नाहीतर खडीच्या वाटा शोधत सायकलवर हिंडतात. तो स्वतः मागं एकदा फ्रान्स देशात गेला होता, तिथं आठवडाभर खेड्याखेड्यांतून नुसत्या खडीच्या वाटांनी फिरला, कालव्याच्या कडेनं, द्राक्षांच्या मळ्यांतून, आणि एक मोटार आडवी आली नाही.

गयाबाईला त्या देशाची दया आली. तिनं विचारलं, तिथले लोक इतके गरीब आहेत का, की एका घरी गाडी नाही? तो हसला. म्हणाला, गाड्या घरटी आहेत, म्हणून तर पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांसाठी वेगळी वाट राखून ठेवतात.

मग त्यानं मोबाईल दाखवला. त्यात गावातून मावल्याला जाणारी एक बारीक रेघ होती. रेघेच्या भरवशावर ते मावल्याहून निघाले, काटे तुडवत आले, आणि एका शेंदरी दगडापाशी वाटच संपली. मग सायकली खांद्यावर घेऊन कडेनं आले. सुनयना ती रेघ पुन्हा पुन्हा बघत राहिली. गयाबाई उठून म्हशींकडं गेली.

सुनयना गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं महसूल कचेरीत जाऊन नक्शा पाहिला. त्यातही वाट होती, तेलुगूत बंड्लबाट, म्हणजे गाडीवाट, असं लिहिलेली. तिथल्या साहेबांनी सांगितलं की वाट सरकारी आहे, पण मध्ये देव आहे म्हणता, तर ते गावानंच राजीखुशीनं मिटवा. मारुतीच्या पारावर बैठक झाली. आश्चर्य म्हणजे तासं मागं घ्यायला कुणी नाही म्हटलं नाही. ज्यांच्या पोरी हायवेनं शाळेत जात होत्या, ते तर आधीच तयार होते. पण सगळ्यांत जास्त तासं ज्यांनी आत ढकलली होती, त्या पांडुरंगरावांनी बांधोबाचा आडोसा घेतला. आमचं काही नाही, म्हणाले, पण देव जागचा हलवायचा नसतो, गावावर कोप होईल. कोपाचं नाव निघताच बैठक उठली.

आता गयाबाईचं अवघड झालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर मेलेल्या नवऱ्याचं नाव चव्हाट्यावर येणार आणि इतक्या वर्षांच्या नारळांचं काय, असं सारं गाव विचारणार. न सांगावं तर सुनयना जाणार. देवानंदनं खोली पाहूनही ठेवली होती. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, पाडवा तोंडावर आला, सुनयनानं कपड्यांची पेटी झाडून उन्हात ठेवली. ती उघडी पेटी अंगणात पाहिली आणि गयाबाई पदर खोचून पाराकडं निघाली.

पारावर नेहमीची मंडळी होती. ती त्यांच्यापुढं उभी राहिली आणि एका दमात बोलली, "बांधोबा माह्या सपनात आला. म्हने, मले वाटंत काऊन ठेवलं? मले कडंले बसवा, अन् पोरीबाळीची वाट सोडा."

एका खोट्यावर तिनं दुसरं खोटं रचलं होतं. कुणी हसलं नाही. पांडुरंगरावांनी मात्र डोळे बारीक केले. देवानं दृष्टांत दिला तर जागाही दाखवली असेल, म्हणाले, मग कुठं बसवायचं तेही सांगा. गयाबाईला जागा पक्की आठवत होती, पण सांगायला ती धजेना. पळसाखाली म्हटलं आणि कुणी म्हातारा म्हणाला की अरे, हद्दीचा दगड तिथंच होता, तर मग काय राहिलं?

तेवढ्यात मोतीराम उठला. यशवंतरावांचा मुलगा, आता साठीला आलेला, बोलायला मोठा कंजूष. तो म्हणाला की सपनातलं असं उभ्याउभ्या सांगता येत नसतं, पाडव्याला शेतात जाऊ, तिथं देव आपली जागा आपण दाखवील.

पाडव्याला सगळे जमले. वाजंत्री आली, नारळ आले. मोतीरामनं बांधोबापुढं हात जोडले, खणायची सब्बल खांद्यावर घेतली आणि कुणाकडं न बघता सरळ पळसाखाली जाऊन उभा राहिला. इकडं तिकडं पाहणं नाही, अंदाज घेणं नाही. त्यानं सब्बल मारली ती नेमक्या त्याच जागी, जिथून अमृतरावांनी दगड उपटला होता. मग गयाबाईकडं वळून त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, देवानं हीच जागा दाखवली ना? तिनं होय म्हणून मान हलवली.  आता पांडुरंगरावांनाही नाही म्हणता येईना.

बांधोबा वाजतगाजत आपल्या जुन्या जागी गेला. लोक प्रसाद घेऊन पांगले तेव्हा गयाबाई मोतीरामजवळ गेली आणि तुम्हाला कसं कळलं, एवढंच विचारलं.

मोतीराम सब्बलीची माती पुसत राहिला. मग म्हणाला, "वैनी, त्या सांजेले मी अन् बाबा कडब्याच्या गंजीमागं होतो. तुमी दगडाले तेल चोळून राह्यल्या होत्या. सारख्या मागं वळून पाहत होत्या. मी उठून येनार, तं बाबानं दाबून धरलं. म्हने, नवी पोर हाय, भ्याली हाय. भांडनापरीस नारळ सस्ता."

"अन् तुमी दरसाल फोडला, भाऊजी?"

"बाबानं सांगून ठेवलं होतं. फोडत गेलो. फोडता फोडता देव झाला."

गयाबाई पळसाखाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून पोटभर रडली. इतकी वर्षं ज्या माणसांना तिनं फसवलं असं धरून ती नजर चुकवत आली, त्या माणसांनी तिची भीती ओळखून तिला जपलं होतं. मोतीराम तिथून गेला नाही. थोडा लांब, पाठमोरा उभा राहिला.

गावानं काटे तोडले आणि टेकडीचा मुरूम आणून पसरला. वाट एका बैलगाडीपुरती झाली, ट्रॅक्टरला पुरत नाही, आणि सगळ्यांच्या मते तेच बरं झालं. सुनयनाची पेटी पुन्हा खाटेखाली गेली. रविवारी कधी कधी जाड टायरवाले येतात, गयाबाईकडं पाणी पितात, आणि ती त्यांना विचारते की फ्रान्समध्ये अशी वाट आहे का. ते आहे म्हणाले तर तिला फारसं पटत नाही.

सुनयना जाता-येता बांधोबापाशी सायकलची घंटी वाजवते. सकाळची घंटी ऐकली की गयाबाई शेताकडं वळून बघते आणि बांधोबाला तिथूनच हात जोडते, आता सरळ त्याच्याकडं बघून. संध्याकाळची घंटी ऐकली की ती चुलीवर तवा ठेवते.