रस्मियाचे तंदूर

इराकमधल्या बसऱ्याजवळच्या अबुल खसीब गावात रस्मियाच्या तंदुरांचा विषय निघाला की म्हाताऱ्या बायका अजून हळव्या होतात. काय रोटी फुगायची त्यांत, आणि सबूर मासा भाजायला लावला की वासानं गल्लीतले पुरुष कामं सोडून घरी यायचे. गॅस आला आणि ती चव गेली ती गेलीच. रस्मिया मात्र भलती तोऱ्यात असायची. कुणी तंदुराला नाव ठेवलं तर म्हणायची, "मग जा, पत्र्याच्या डब्यात भाज."

घरोघरचे तंदूर तीच घडवायची. शेळीचे केस आणि भुसा घालून ती माती स्वतःच तुडवायची आणि गात राहायची. गळा बेताचाच होता, पण आज ते गाणंसुद्धा हवंहवंसं वाटतं.

एक्याण्णवच्या लढाईनंतर तिला खजुराच्या बागेत, कालव्याकाठी नवी जागा सापडली. तिथं दोन जळके रणगाडे पडले होते, म्हणून दुसरं कुणी फिरकत नसे. माती लोण्यासारखी. बारा वर्षं ती अनवाणी जाऊन तीच माती आणत राहिली.

मग एक दिवस तोंडं बांधलेली माणसं टिकटिकणारं यंत्र घेऊन आली. रणगाड्यांवर डागलेले गोळे युरेनियमचे होते, त्यांची विषारी धूळ या मातीत मुरलीय, असं त्यांनी सांगितलं.

"आणि या मातीच्या तंदुरातली रोटी खाल्ली तर?"

"नक्की सांगता येत नाही, मावशी," त्यांच्यातला एक म्हणाला. "पण मी खाणार नाही."

दुसरी कुणी असती तर मूग गिळून बसली असती. रस्मियानं हातोडा उचलला. "माझा तंदूर आहे, मीच फोडणार. दुसऱ्या मातीचा करून देते." लोक चिडले, बाईला वेड लागलं म्हणाले. तरी तिनं एकेक करून सगळे फोडले.

राहिलं वबरियाचं घर. वबरिया तिची लहानपणापासूनची मैत्रीण. तिची नऊ वर्षांची हसना दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या कॅन्सरनं गेली होती. तिथं जायला रस्मियाचा पाय उचलेना. आठ दिवस तिनं टाळलं. जन्माची मैत्रीण तोंड फिरवेल, याचीच तिला धास्ती होती.

शेवटी एका दुपारी गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझी पोर या रोटीनं गेली?"

"माहीत नाही गं. कुणालाच माहीत नाही."

रस्मियानं हातोडा उगारला आणि तिचा हात थांबला. तंदुराच्या कडेला एक इवलासा पंजा उमटलेला होता. माती ओली असताना तीन वर्षांच्या हसनानं हात दाबला होता, आणि रस्मियानंच तो पुसू दिला नव्हता.

"दे इकडे," वबरिया म्हणाली. "तिला या हातांनी मातीत ठेवलंय मी. हेही मीच करते."

रस्मिया दाराकडे वळली.

"जातेस कुठं?" वबरियानं तिचा हात धरला. "एकटीला नाही जमायचं मला. थांब इथं."