माप एका तांदळाचं

आता माझ्या अकलेचा एक नमुना सांगतो. हसायचं तर चहाचा कप खाली ठेवून हसा!

रत्नागिरीत नानांच्या छापखान्यात मी नुकताच लागलो होतो. बोटीने एक नाटक कंपनी येणार होती. नाना म्हणाले, "दाम्या, जाहिरातीची मोठी अक्षरं लाकडात कोर. जमलं तर नोकरी कायम. नाहीतर जा मुंबईच्या गिरणीत!"

गिरणीचं नाव निघताच मी पटाशी हातात घेतली. अक्षरं हवी होती ऐटबाज, म्हणजे उभी रेघ जाड आणि वळणाची अगदी नाजूक. पण जाड म्हणजे किती? नाजूक म्हणजे किती? मी डोकं चालवलं. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बारीक तांदळाचा एक दाणा घेतला. जाड रेघ दाण्याच्या लांबीएवढी, नाजूक रेघ त्याच्या रुंदीएवढी. आहे की नाही हुशारी?

दाणा काडेपेटीत जपून ठेवला. निम्मी अक्षरं झाली आणि एका सकाळी पेटी रिकामी!

"अगो, यातला दाणा कुठाय?"

"आधणात टाकला," बायको म्हणाली. "अन्न असं पेटीत कोंडून ठेवतात होय?"

"माझं माप शिजवलंस!"

"मग दुसरा घ्या. मडकंभर आहेत."

घेतला. उकडा! लालसर, बुटका, गुबगुबीत. मला वाटलं, तांदूळ तो तांदूळ. उरलेली अक्षरं त्याच मापाने कोरली.

पहिला कागद छापून निघाला. नानांनी तो उजेडात धरला.

"मेल्या, अर्ध्या अक्षरांना एकादशी नि अर्ध्यांना केळवण?"

खरंच हो! निम्म्यांची वळणं धाग्यासारखी, निम्म्यांची सुजून उभ्या रेघेएवढी. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुन्हा कोरायला वेळ कुठे होता?

"असंच छाप," नाना म्हणाले. "कोणी विचारलं तर अक्षरं मुंबईची म्हणून सांग. छापखान्याची अब्रू राखलीस तर बघू."

दुसऱ्या दिवशी बंदरावर जाहिरातीपुढे ही गर्दी आणि हा हशा! मीही घुसलो आणि सगळ्यांत मोठ्याने हसलो. "मुंबईची अक्षरं ही! आपल्या रत्नागिरीत असलं कोण करतोय?"

गलबतावरचा एक म्हातारा तांडेल चष्मा सावरत कागदाच्या तळाशी वाकला. "दामूअण्णा, इथे तर तुमचंच नाव आहे!"

होतंच. 'अक्षरे कोरणारा दामोदर, रत्नागिरी.' ती बारीक ओळ मीच हौसेने घातली होती, आणि नानांच्या नजरेतून ती सुटली होती.

"पण ही ओळ मात्र झकास कोरलीत हो!" तांडेल म्हणाला.

मागून नानांचा आवाज आला, "ती कोरलेली नाही. विकतचे शिशाचे खिळे आहेत, तयार अक्षरांचे. नुसते जुळवायचे."

नोकरी कायम झाली बरं का! खिळे जुळवायची.