शंभरचा प्लॅन आणि मागची खोली

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी अमरावतीहून अकोल्याला माहेरी राहायला आले. सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. अमरावतीच्या एका शिकवणी वर्गात मी अकरावी-बारावीला गणित शिकवते, आणि सुट्टीतल्या बॅचेस ऐन मे महिन्यात भरात असतात. म्हणून रोज संध्याकाळी अकोल्याहून ऑनलाइन शिकवायचं ठरलं. बाबा फोनवर म्हणाले होते, "नेटची काळजी नको करू. आपल्याकडे शंभरच्या स्पीडचा प्लॅन आहे." बाबा पौरोहित्य करतात. परदेशातल्या दोन-तीन यजमानांची पूजाही ते बैठकीत बसून व्हिडिओवर सांगतात, त्यामुळे मी निश्चिंत होते.

घर जुन्या शहरात. पुढे बैठक, मधे आईची खोली, आणि शेवटी मागची खोली; बाजूने पुढून मागे जाणारा बोळ. मधल्या खोलीत आई पडून, बैठकीत येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता, म्हणून मी मागच्या खोलीत टेबल मांडलं. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर वर्तुळ काढायला घेतलं आणि मुलांचे मेसेज येऊ लागले. "मॅडम, तुम्ही थांबल्या." "मॅडम, आवाज तुटून राहिला." "मॅडम, तुमचं तोंड उघडंच राहिलं." मी थांबले नव्हते. मी ते अख्खं गणित सोडवून मोकळी झाले होते, आणि ते कुणालाही दिसलं नव्हतं.

"माझी पूजा तर कधी अडकत नाही," बाबा म्हणाले. "तुलेच काहून अडकून राहिलं?"

त्या प्रश्नात उत्तर होतं. पण मी तेव्हा इतकी वैतागले होते की मला तो टोमणा वाटला.

कंपनीला फोन लावला. आधी मराठीसाठी एक बटण, मग तक्रारीसाठी दुसरं, मग संगीत. माणूस भेटला तेव्हा त्याने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. ते मी सकाळपासून करतच होते. शेवटी दोन दिवसांनी लाइन तपासायला माणूस आला. तो बैठकीत राउटरसमोर उभा राहिला, मोबाइलवर स्पीड मोजला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली.

"पाहा ताई, शंभरच्या जवळच येऊन राह्यलं. आमची लाइन ओके हाय."

"इथे येतंय हो. मागच्या खोलीत येऊन बघा ना."

"आमचं काम राउटरलोक, इथपर्यंतच. पुढचं घर तुमचं."

आणि तो चप्पल घालून गेलासुद्धा. मी बोळात उभी राहून त्याच्या गाडीचा आवाज ऐकत राहिले. मला त्याचा इतका राग आला की त्या भरात मी फोनवरूनच प्लॅन वाढवून टाकला. शंभरचा दोनशे केला. संध्याकाळी क्लास सुरू झाला, आणि मी पुन्हा तोंड उघडं ठेवून थिजले.

"आता दुप्पट स्पीडनं अडकून राहिलं," दारातून बाबा म्हणाले. मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की आई आतून ओरडली, "तोडशील तो!"

मग माझ्या मनात संशय शिरला. राउटरला किती फोन जोडलेले आहेत ते पाहिलं, तर यादी संपेना. घरात फोन तीन. मी बाबांना विचारलं. ते जराही न लाजता म्हणाले, "शेजारी दिला आहे ना पासवर्ड. रोज पूजेले फुलं देतात, त्यायले नाही म्हणू का?"

शेजारचं कुटुंब फुलं पिकवतं आणि बाजारात विकतं. तिथल्या काकूंकडे गेले तेव्हा त्या ओसरीवर झेंडूच्या माळा करत बसल्या होत्या. मी शक्य तेवढ्या गोड आवाजात सांगितलं, की माझ्या क्लासच्या वेळेत तुम्ही जरा नेट बंद ठेवाल का.

"ठेवतो ना! त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. नुसतं म्हणाल्या नाहीत, घरातल्या प्रत्येकाला ओरडून फोन बाजूला ठेवायला लावले. त्यांनी पासवर्ड पुढच्या दोन घरांना दिलेला होता, तिथेही जाऊन सांगून आल्या. संध्याकाळी आमच्या गल्लीत सगळे लोक दारात बसून एकमेकांशी बोलत होते.

क्लास तसाच अडकला.

काकू वेळ संपल्यावर विचारायला आल्या. "झालं का बाई नीट?"

"नाही हो."

"आता काहून? आमी तं कोणी पाहूनच नाही राह्यलो!" त्या खरोखर दुखावल्या होत्या. सासूची मालिका बुडवून हे केलेलं. मी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर रस्त्यावर कुत्रंही फिरकत नव्हतं तेव्हा, मी मोबाइल हातात घेऊन घरभर हिंडले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बैठकीत स्पीड भरपूर. बाजूच्या बोळातही ठीक. मधल्या खोलीत पाऊल टाकलं की निम्म्याहून खाली. मागच्या खोलीत नावाला. राउटर वायफायची दोन नावं दाखवतो; त्यातलं वेगवान म्हणतात ते नाव मागच्या खोलीत दिसतच नव्हतं, आणि दुसरं दिसत होतं पण रांगत होतं. म्हणजे कंपनी देते तो स्पीड राउटरपर्यंत. तिथून पुढे वायफायचं काम, आणि वायफायला भिंती लागतात. आमच्या भिंती जाड, हे खरं. पण बैठक आणि मधली खोली यांच्यात दार आहे. त्या दारातून तरी यायला हवं होतं.

मी दाराकडे पाहिलं. दारात कूलर होता.

होळी झाली की बाबा तो मोठा पत्र्याचा कूलर त्या दारात बसवतात. बैठकीच्या खिडकीकडून हवा ओढायची आणि आईच्या खाटेवर सोडायची, असा तो बेत. दार पूर्ण बंद होतं; ये-जा बोळातून. राउटर त्याच्या बरोबर मागे, टीव्हीशेजारच्या फळीवर. चारी बाजूंनी पत्रा, आत काठोकाठ पाणी. त्या पलीकडे मी, रोज संध्याकाळी मुलांची माफी मागत.

"बाबा, कूलर सरकवायचा."

"अकोल्यात? मे महिन्यात?"

"दोन मिनिटं."

आम्ही दोघांनी पाण्यासकट तो रेटला. बाबा घामाने भिजले. मी मागे पळत गेले आणि मोजलं, तर आकडा कितीतरी पटीने वर. मी आनंदाने ओरडले. मधल्या खोलीतून आईचा आवाज आला, "मले नेट नको. हवा पाहिजे. ठेवा तो जागेवर."

तिचं बरोबर होतं, म्हणूनच मला आणखी राग आला. राउटर हलवावा, तर कंपनीची फायबरची, म्हणजे काचेची, वायर जेमतेम फळीपर्यंत येणारी. ओढली, दुमडली तर आहे ते नेटही जायचं. जागा बदलून द्या म्हणून पुन्हा फोन केला. तोच माणूस फोनवर म्हणाला, "अर्ज टाका ताई, पाहू." मी फोन ठेवला, रिक्षा केली, बाजारात गेले आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत पुरेल एवढी लांब नेटची केबल घेऊन आले. वायफाय नकोच. सरळ तार.

बाबा शिडीवर चढले. मी खालून केबल सोडत गेले. दारावरच्या झरोक्यातून ती मधल्या खोलीत उतरली, भिंतीच्या कडेने आईच्या खाटेवरून, पुन्हा वरून मागच्या खोलीत. खिळे मारताना बाबांनी माझ्यावर तीनदा आणि मी त्यांच्यावर एकदा आवाज चढवला. आई पडल्या पडल्या सांगत होती की वायर वाकडी जाते आहे. वाकडी जात होतीच.

त्या संध्याकाळी क्लास एकदाही तुटला नाही. मुलांचे चेहरे मला पहिल्यांदा धड दिसले. एक मुलगी उत्तर सांगताना मधेच जांभई देते हेही दिसलं. संभाव्यतेचं प्रकरण सुरू केलं आणि फाशांची गणितं शेवटपर्यंत सोडवली. मधे कधीतरी बाबा दाराशी येऊन उभे राहिले होते. मी इतकी वर्षं शिकवते, पण त्यांनी मला शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. क्लास संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"इतकी ओरडून काहून शिकवतेस?" त्यांनी विचारलं. "पोरं बहिरी आहेत का?"

"सवय लागली, बाबा. ऐकू जातंय की नाही, कळतच नव्हतं."

ते आत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ते फाशांचं शेवटचं गणित मले नाही समजलं. हळू सांग एकदा."