दगडवाल्यांच्या संस्थेत माझं खातं

संपाआधी मी लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होतो, म्हणजे मागावर. संप लांबला, नंतर गिरणीनं मला परत घेतलं नाही. मग बोरिंगच्या मशीनवर लागलो. इमारत उभी करण्याआधी जमिनीत भोक पाडायचं, दगडाच्या लांब गोल कांड्या वर काढायच्या आणि निघाल्या तशाच ओळीनं लाकडी पेटीत लावायच्या. म्हातारा होईस्तोवर हेच केलं.

भूगर्भाचं शिकलेल्या लोकांची एक संस्था आहे. आमच्या साईटवर येणाऱ्या बाई तिच्या सभासद. त्या म्हणाल्या, "काका, आता अनुभवी कामगारांनाही सहसभासद करतायत. अर्ज भरा." मी चौथी शिकलेला. अर्ज बायकोनं वाचला. त्यात विभाग विचारला होता. पाणी, खाणी, इमारतींचा पाया, आणखी काय काय. ती हसली. "अहो, इथंपण खातं आहेच की!"

अर्ज अर्धा राहिला. ती आजारी पडली आणि महिन्याभरात गेली.

पुढं बाई नायगावला घरी आल्या. "काका, अर्ज कुठाय?"

"बायको गेली. आता मेंबर होऊन दाखवू कोणाला?"

"मला दाखवा. घरात बसून भिंती मोजताय, त्यापेक्षा बरं."

तोंडाळ बाई. पण खरं बोलल्या. जन्मभर लोक मला नुसता बोरिंगवाला म्हणाले. त्या दगडांतलं मला कळतं, हे कुणीतरी कागदावर लिहावं असं मलाही वाटत होतं.

विभाग सोडून बाकीचा अर्ज बाईंनी भरला आणि मला संस्थेच्या दादरच्या ऑफिसात नेलं. तिथं तीन साहेब बसले होते. एक म्हणाला, "यांना पाण्याच्या विभागात घालू. तिथं माणसं कमी आहेत."

मी म्हटलं, "साहेब, गिरणीतसुद्धा साचेवाल्याला कधी चरख्यावर, सूत कातायला, उभं केलं नाही. मी पायाचा माणूस. तिथं घ्या, नाहीतर राहू द्या."

"पायाच्या विभागात परीक्षा कडक असते हो."

"घ्या की मग."

टेबलावर कांड्यांची एक पेटी होती. साहेबांनी विचारायच्या आधीच मला दिसलं, तिसरी कांडी उलटी होती. तुटलेलं तोंड शेजारच्या तुटलेल्या तोंडाला बसत नव्हतं. उचलली, फिरवून ठेवली. दातात दात बसावे तशी बसली.

तिघांतले म्हातारे साहेब वाकून बघत राहिले. "अरे, ही पेटी काल आपण तिघांनी तपासली!"

"चष्मा काढून तपासली असेल," मी म्हटलं. बाई खोकल्याचं निमित्त करून हसल्या.

त्यांनी माझ्यासमोरच अर्जावर लिहिलं, पायाचा विभाग. घरी सांगायला कोण नव्हतं. शेजारणीला सांगितलं, तिनं गूळ दिला. तो हातात धरून जिन्यात बराच वेळ बसलो.

पेटी कशी लावायची ते पुढच्या सभेत मी दाखवावं, असं म्हातारे साहेब म्हणाले होते. सभेला लोक जमले तेव्हा मी म्हटलं, "दाखवतो, पण खुर्च्या बाजूला करा. खाली बसल्याशिवाय कांडी कळत नाही."

सगळे खाली बसले. म्हाताऱ्या साहेबांचा गुडघा दुखत होता, तरी बसले.