करंगळीपासून करंगळीपर्यंत

हॅम्बर्गला मेधाच्या दारात मी आणि बायको तासभर आधी जाऊन उभे राहिलो, ही चूक सर्वस्वी माझी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत सगळे घड्याळ एक तास मागे करतात. लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात वीस वर्षं इतरांना उशिरावरून बोलणारा मी नेमकं तेच विसरलो. एल्बे नदीवरच्या फेरीबोटीतून, तिरक्या पावसात, दिवाळीच्या चकल्यांचा डबा कोटाखाली धरून पोचलो, तर तिच्या भिंतीवर तीनच वाजलेले.

मेधा म्हणजे बायकोच्या बहिणीची मुलगी. विद्यापीठात भाषांचा अभ्यास करते. "या काका. फक्त हळू बोला, काम चाललंय," ती म्हणाली.

टेबलाशी एक सडपातळ म्हातारे गृहस्थ बसले होते. नाव योसेफ, पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातले. त्यांच्या गावच्या भाषेला पुस्तक नाही, लिपी नाही, आणि ती पूर्ण येणारे ते शेवटचे. मेधा तीन आठवडे त्यांच्याकडून साधे, रोजचे शब्द टेपवर आणि वहीत उतरवून घेत होती. पाणी, आई, आग, झोप. दोघं टोक पिसिनमधून (तिकडची सगळ्यांची बाजारबोली) बोलत, आणि ती आम्हाला मराठीत सांगे.

यादीत एकच जागा रिकामी होती. मान. उद्या सकाळी त्यांचं विमान होतं.

योसेफ मानेला हात लावायचे, ओठ हलवायचे आणि थांबायचे. "बहीण होती तोवर घरात बोलणं व्हायचं," मेधानं त्यांचं म्हणणं सांगितलं. "म्हणतायत, हा शब्द माझ्याकडून गेला तर तो आता कुणाकडेच नाही."

मदत म्हणून मी माझी मान पुढे केली. डावीकडून, उजवीकडून दाखवली. ते सौजन्यानं बघत राहिले.

"अहो, बसा खाली," बायको म्हणाली. "तुमची मान बघून काय आठवणार आहे त्यांना?" मग मेधाकडे वळली. "मला सतरा साते मधूनच विचारलं तर अजून येत नाही गं. सतरा एके सतरापासून म्हणत गेलं की तोंडातून आपोआप येतं. त्यांचं लहानपणचं काही पाठ असेल की."

मेधानं विचारलं. ते ओशाळं हसले. आई अंगावर मोजायला शिकवायची म्हणे, अवयवाचं नाव तोच आकडा, पण शाळेत इंग्रजी आकडे आले, मग कोण मोजतंय तसं.

तरी त्यांनी उजव्या करंगळीला हात लावला आणि एक शब्द म्हटला. पुढचं बोट, पुढचा शब्द. अंगठा पाच, मनगट सहा. कोपर आठ. खांद्यावर दहा. बोट वर सरकलं, मानेच्या बाजूला टेकलं, आणि शब्द आला. ते थांबलेसुद्धा नाहीत. कान, डोळा, नाकावर चौदा, मग दुसऱ्या बाजूनं खाली उतरत डाव्या करंगळीवर सत्तावीस. हिशेबाच्या वहीत आयुष्य गेलेला मी माणूस. पण अख्खं अंग म्हणजेच मोजणी, हे पहिल्यांदा बघत होतो.

मेधाची पेन्सिल हातातच राहिली होती. "टेपवर आलंय," ती हलकेच म्हणाली. योसेफनी टेपकडे पाहिलंही नाही. बायकोला समोर बसवलं आणि करंगळीपासून पुन्हा सुरुवात केली. ती चुकली की तिचं मनगट धरून मागे आणत. मला कुणी बोलावलं नाही. मी कॉफी ओतली आणि अर्ध्या चकल्या खाल्ल्या.

परतीच्या गाडीत फ्रँकफर्ट येईपर्यंत बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. एक हात दुसऱ्या हातावरून खांद्यापर्यंत चढे, ओठ हलत. समोरच्या बाई वर्तमानपत्राआडून बघत होत्या. मी हळूच विचारलं, काय चाललंय.

"मेधाकडून त्यांच्या गावचा फोन नंबर घ्या," ती म्हणाली. "पुन्हा कुठे अडले तर विचारायला कुणीतरी हवं. माझं नाकापर्यंत पाठ झालंय, बाकीचं उद्या करते."